टोळी आली, सावध व्हा राजेहो!

राजेहो, सोयाबीनची सोंगणी आटोपली की पोट्टे पळवणारी टोळी गावात येते. अजून कुणी पाहिली नाही, पण येते. गाफील राहू नका.

पहिलं काम मोबाइलवर. दुचाकीवरचे दोघं पोरगं उचलतात तो व्हिडिओ आला की लगेच पाच ग्रुपवर टाका. तो कराचीत लोकांना सावध करायला बनवला होता, शेवटी ते दोघं पोर परत आणून देतात, असं एखादा शिकलेला सांगेल. तेवढाच भाग कापलेला आहे, त्याचं काय एवढं? पाचच ग्रुप का, तर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं भारतात तेवढीच मर्यादा घातली होती. पुढच्या पाचांसाठी साळ्याचा फोन घ्या.

मग पाळत. झोळी दिसली की समजा, टोळीचाच. आधार कार्ड दाखवलं तर ते नकली, आणि लेकराला नाव विचारलं तर पुरावाच हाती आला. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला, ऐन आठवडी बाजारात, अशीच दक्षता घेतली गेली. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईस्तोवर मारले. पोरं पळवल्याची ती निव्वळ अफवा होती. बंदोबस्त मात्र चोख.

आता खरंच कुणाचं लेकरू गेलं तर? इथं जरा सबुरीनं घ्या. आमच्याच गल्लीतली दहावीतली पोरगी गेली, तर घरच्यांनी आठ दिवस "मामाकडे गेली" सांगितलं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जायला मिळालेली तिची सायकल ओट्यावर उभी. चाकातली हवा गेली तरी माय रोज सकाळी फडक्यानं पुसायची. पोरीला नेणारी बाई वर्षभर घरी येत होती, चहा पीत होती, "सुरतेकडे चांगलं स्थळ आहे" म्हणत होती. तिच्याजवळ झोळी नव्हती, पर्स होती. संशय घ्यायचा तरी कसा?

पोलीस ठाण्यात तर मुळीच जाऊ नका. अल्पवयीन हरवलं की चोवीस तास थांबायची गरज नाही, अपहरणाचाच गुन्हा नोंदवायचा, भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ त्यासाठीच आहे, आणि हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्याला शून्य क्रमांकानं तो घ्यावा लागतो, असल्या गोष्टी तिथं निघतात. नाव खराब होते ना बाप्पा. १०९८ ही लेकरांसाठीची फुकट हेल्पलाइन आहे म्हणतात, पण गावातले सगळे फोन व्हिडिओ टाकण्यात गुंतलेले.

राखण मात्र सोडू नका. आमच्याकडे पाराजवळ रोज रात्री दहा-बारा पोट्टे काठ्या घेऊन बसतात. परवा तीच बाई पुन्हा गावात दिसली, वरच्या आळीकडे निघालेली. पोट्ट्यांनी टॉर्च दाखवत तिला नालीपलीकडे नेऊन सोडलं.

"मावशी, राती एकल्या नोका फिरू, टोळी आली हाये."