रोमने १५४६ साली बायबलात सात पुस्तकं घुसडली?

नवापूरपासून भुसावळपर्यंत मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, १५४६ साली बायबलात सात पुस्तकं घुसडली, पहिल्या मंडळीने ती कधी मानली नव्हती, येशूने आणि प्रेषितांनी त्यांतलं काही उद्धृत केलं नाही, आणि प्रॉटेस्टंट बायबलात ती कधीच नव्हती, असं त्याचं म्हणणं. मी प्रॉटेस्टंट, ६६ पुस्तकांच्या पवित्र शास्त्रावर वाढलो आणि पुढेही तेच वाचणार. पण हा मेसेज आपलंच हसं करणारा आहे.

कॅथलिक बायबलात असलेली आणि आपल्या ६६ मध्ये नसलेली ही पुस्तकं कोणती? टोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांतले काही जादा भाग. कॅथलिक लग्नात टोबीतमधलं वाचन लागलं की आपल्याकडचे वऱ्हाडी शास्त्राची पानं उलटत बसतात ते यामुळेच.

१५४६ चं बघू. त्या वर्षी ८ एप्रिलला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने बायबलातल्या पुस्तकांची यादी जाहीर केली हे खरं. पण गुटेनबर्गचं छापील बायबल त्याच्या नव्वदेक वर्षं आधीचं, आणि त्यात ही सातही आहेत. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने हीच यादी दिली होती. मग ट्रेंटमध्ये नवं काय? जो ही पुस्तकं मानणार नाही तो शापित, हा शेरा. त्याला कारणही होतं. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत योहान एक या कॅथलिक पंडिताने मृतांसाठीच्या प्रार्थनेला आधार म्हणून मक्काबींचं दुसरं पुस्तक पुढे केलं. हे पुस्तक प्रमाणग्रंथांत नाही, वादात ते चालणार नाही, असं प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने ठणकावलं. भांडण तिथून पेटलं.

पहिल्या मंडळीने मानली नाहीत? ३९७ सालच्या कार्थेजच्या चर्च परिषदेच्या यादीत ती आहेत. त्या काळचा थोर धर्मपंडित ऑगस्टीन त्यांच्या बाजूने होता. बायबलाचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोम मात्र नव्हता. यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात जे नाही ते वाचायला ठीक, पण त्यावर सिद्धांत उभारू नये, असं त्याचं मत. गंमत म्हणजे ल्यूथरची चौकशी करणारा कार्डिनल कायेतान यानेही या बाबतीत जेरोमचीच री ओढली. आपली खरी बाजू ही आहे आणि ती भक्कम आहे. मेसेजवाल्याने नेमकी तीच वगळली.

उद्धृत केलं नाही, हा मुद्दा तर आपल्यावरच उलटतो. एस्तेर आणि गीतरत्न यांतलं तरी नव्या करारात कुठे उद्धृत केलंय? ती काढून टाकायची का? उलट यहूदाच्या पत्रात हनोखचं वचन सरळ दिलंय, आणि हनोखचं पुस्तक ना आपल्याकडे, ना कॅथलिकांकडे. शिवाय नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातलं ११:३५ उघडा. अधिक चांगलं पुनरुत्थान मिळावं म्हणून सुटका नाकारून छळ सोसलेले लोक तिथे आहेत. आता मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा सातवा अध्याय वाचा. राजा डुकराचं मांस खायला लावतो, सात भाऊ नकार देतात, आईच्या डोळ्यांदेखत एकेकाला हाल करून मारलं जातं, आणि देव आम्हाला पुन्हा उठवील असं ते मरता मरता सांगतात. पत्र लिहिणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती असं म्हणणं अवघड आहे. अर्थात, गोष्ट ठाऊक असणं आणि पुस्तक प्रमाण मानणं या दोन वेगळ्या बाबी.

राहिला शेवटचा दावा. ल्यूथरच्या १५३४ च्या जर्मन बायबलात ही पुस्तकं जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये छापलेली आहेत, शास्त्राच्या तोडीची नाहीत पण वाचायला उपयोगी आणि चांगली, अशा शेऱ्यासह. १६११ च्या किंग जेम्स बायबलातही ती होती. बायबल छापून वाटणाऱ्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने या पुस्तकांच्या छपाईवरचा खर्च बंद करायचं ठरवलं ते १८२६ च्या सुमारास. स्कँडिनेव्हियन मिशनरी आपल्या खानदेशात आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तोवर ६६ चीच छपाई रुळली होती.