'नो मार्कअप' केलं म्हणून खाडाखोड जात नाही

वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'वर्डची फाईल पाठवण्याआधी रिव्ह्यूमध्ये जाऊन नो मार्कअप करा, सगळी खाडाखोड गायब. ट्रॅक चेंजेस बंद करा, जुने बदलही पुसले जातात. वर पासवर्ड लावा, नाहीतर पीडीएफ करा. शंभर टक्के सुरक्षित.' खाली अंगठ्यांची रांग. यावर विसंबून आमच्या राजापूरच्या वहिनीने हापूसच्या कलमांच्या कराराचा मसुदा व्यापाऱ्याला पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो.

ट्रॅक चेंजेस म्हणजे प्रत्येक बदल, खोडलेल्या मजकुरासकट, नोंदवून ठेवायची वर्डची सोय. मेसेजमधला पहिला मुद्दा सगळ्यात घातक. नो मार्कअपने फक्त आपल्याला काय दिसतं ते बदलतं. मायक्रोसॉफ्टच्याच मदतीच्या पानावर स्वच्छ लिहिलंय की यामुळे बदल तात्पुरते लपतात, पुसले जात नाहीत, फाईल पुन्हा उघडली की ते दिसतात. काढायचे तर ते स्वीकारायचे किंवा नाकारायचे, दुसरा मार्ग नाही. हे कोणी वाचायचं?

वहिनीच्या मसुद्यात आधीची रक्कम खोडून वाढीव टाकलेली. बाजूला दादाची कमेंट: 'अगदीच अडून बसला तर जुन्या आकड्यावर ये.' तिच्या स्क्रीनवर कागद कोरा करकरीत. व्यापाऱ्याने फाईल उघडली आणि तासाभरात फोन: 'वहिनी, जुना आकडाच धरूया की!' वर्षभर फवारणी आणि राखण यांचा खर्च सोसायचा आणि भाव ठरवायच्या वेळी हातातले पत्ते समोरच्याला दाखवायचे, असं झालं.

पटत नसेल तर अशा डॉक्स (.docx, म्हणजे वर्डच्या) फाईलची एक प्रत घ्या, नावाच्या शेवटी डॉक्सऐवजी झिप लिहा आणि उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल सापडेल. खोडलेले शब्द तिथे जसेच्या तसे असतात, बहुतेक वेळा खोडणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ यांसकट. भले भले यात फसलेत. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येच्या चौकशीचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल ऑक्टोबर २००५ मध्ये वर्डच्या फाईलमध्ये बाहेर आला. त्यातून काढलेली नावं जगाने वाचली, सीरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या भावाचं आणि मेहुण्याचंसुद्धा.

ट्रॅक चेंजेस बंद केल्याने पुढचे बदल नोंदले जात नाहीत, एवढंच. मागचे जागच्या जागी राहतात. पासवर्डचं तर काय बोलावं? ज्याला फाईल द्यायची त्याला पासवर्डही देणार ना, मग लपवलं कोणापासून?

पीडीएफचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. नो मार्कअप ठेवून पीडीएफ केली तर खोडलेला मजकूर तिच्यात जात नाही. पण सेव्ह करताना पर्यायांत 'डॉक्युमेंट शोइंग मार्कअप' निवडलेलं असेल तर सगळं समासासकट छापलं जातं. आणि वकील किंवा व्यापारी दुरुस्तीसाठी वर्डचीच फाईल मागतो, तेव्हा पीडीएफचा उपयोग नाही.

मूळ फाईल आपल्याकडे ठेवा आणि प्रतीवर काम करा. ऑल मार्कअप (सगळे बदल दाखवणारा पर्याय) लावून एकेक बदल डोळ्यांखालून घाला, कारण डोळे झाकून सगळे स्वीकारले तर नको ते वाक्यही करारात बसेल. नको ते नाकारा, मग अ‍ॅक्सेप्ट ऑल. कमेंट्स वेगळ्या डिलीट कराव्या लागतात, त्या अ‍ॅक्सेप्टने जात नाहीत. शेवटी विंडोज कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्ये फाईल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट. काही राहिलं असेल तर तिथे कळतं.