सांतोरिनीच्या कोरडवाहू वेली: निफाडच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

निफाडला पंधरा वर्षं द्राक्षबाग सांभाळणाऱ्या माणसाने एवढं मनापासून लिहिलं, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं, की ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावरच्या कोरडवाहू वेलींचं मी केलेलं कौतुक म्हणजे गरिबीचा उदोउदो. ठिबक टाकलं तर तिथेही एकरी दहा टन माल निघेल.

आधी माझी चूक. ‘या वेलींना पाणी मिळतच नाही’ हे मी लिहायला नको होतं. हिवाळ्यात थोडा पाऊस पडतो. उन्हाळा कोरडा जातो, पण रात्री समुद्रावरून धुकं येतं आणि प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड, ती ओल धरून ठेवतो. वेल त्यावर तगते.

तिथे मंडप नाही. काड्या एकमेकींत गुंफून जमिनीलगत टोपली विणतात, तिला कुलुरा म्हणतात. घड आत राहतात, कारण मेल्तेमी वारा उघड्या फुटव्याची दाणादाण उडवतो. टोपली थकली की बुडापाशी छाटतात आणि जुन्याच मुळांवर नवा फुटवा धरतात. त्यामुळे वरचं खोड तरुण आणि मुळं कितीतरी पिढ्यांची, असं होतं. तुम्ही क्षार आणि पाण्याचा ताण सोसायला डॉगरीज या दुसऱ्या जातीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळांवर, कलम करता. तिथे वेल स्वतःच्याच मुळांवर उभी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा संपवणाऱ्या फायलोक्झेरा या मुळांवरच्या किडीला त्या चिकणमातीविरहित जमिनीत थारा मिळाला नाही.

आता दहा टन. तुमचा मणी फुगायला हवा, कारण तो खायचा आहे आणि वजनावर विकायचा आहे. सांतोरिनीच्या असिर्टिको या वाईनच्या द्राक्षाचा रस दाट हवा. ही जात कडक उन्हात पिकूनही आंबटपणा सोडत नाही, आणि पोटॅशियम कमी असलेली जमीन त्याला साथ देते. लिंबाच्या सालीसारखी, शेवटी खारट लागणारी ती पांढरी वाईन मला म्हणूनच इतकी प्रिय आहे. भरपूर पाणी देऊन माल वाढवला की आधी हीच चव पातळ होते.

नुसती वेल जुनी म्हणून वाईन चांगली, असं मात्र मीही मानत नाही.

गरिबीचा तुमचा मुद्दा मला लागला. तिथे अनेकदा एकरी टनभरही द्राक्षं निघत नाहीत, आणि शेजारच्या जमिनीवर हॉटेल उभं राहतं. भाव मिळाला नाही तर बाग कोण राखणार? अलीकडच्या दुष्काळांत पाण्याचा प्रश्न तिथेही उभा राहिला आहे. वेल जगवण्यापुरतं पाणी द्यायला माझा विरोध नाही. दहा टनांसाठी द्यायला आहे.