कर्ट्झ आणि ब्यूली दोघंही ठेवा, पण तिसऱ्या माणसाचा हिशेब नीट करा

इंग्लंडमध्ये स्पीडवेचा, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचा, हंगाम संपला की लगेच दुसरा खेळ सुरू होतो, येत्या वर्षी कुठल्या संघात कोण असणार याचा. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू एसेसबद्दल यंदा एकच प्रश्न सगळीकडे आहे: ब्रेडी कर्ट्झ आणि डॅन ब्यूली या दोघा अव्वल रायडरना एकत्र ठेवणं परवडेल का? माझं मत स्पष्ट आहे. ठेवावं. पण त्यासाठी सात जणांच्या संघातल्या खालच्या पाच जागा भरताना जी अक्कल लागते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. ५०० सीसीचं एक सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारं इंजिन, एकच गिअर आणि ब्रेक नाहीत. एका हीटमध्ये, म्हणजे एका शर्यतीत, चार रायडर, दोन यजमानांचे, दोन पाहुण्यांचे. चार फेऱ्या. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. अशा १५ हीट, म्हणजे एकूण ९० गुण. ४६ झाले की सामना खिशात.

आयपीएलच्या लिलावात पैशाची मर्यादा असते, तशी ब्रिटिश लीगमध्ये ॲव्हरेजची असते. रायडरचे गुण अधिक बोनस, भागिले एकूण राइड (म्हणजे तो धावला त्या हीट), गुणिले चार. आपल्याच जोडीदाराच्या मागोमाग, पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहून रेषा ओलांडली की एक बोनस मिळतो. समजा कुणी ९६ राइडमध्ये १६८ गुण आणि २४ बोनस मिळवले, तर १९२ भागिले ९६ म्हणजे २, आणि चारने गुणून ॲव्हरेज ८.०० आलं. संघातल्या सगळ्यांच्या ॲव्हरेजची बेरीज ठरवून दिलेल्या आकड्यापुढे जाता कामा नये. हा आकडा संघ चालवणारे प्रवर्तक हिवाळ्यातल्या बैठकीत ठरवतात, त्यामुळे तो कळेपर्यंत सगळे अंदाजच.

आता समजा सात जणांसाठी ४२ ची मर्यादा आहे आणि कर्ट्झ-ब्यूलीचे मिळून १९ गेले. उरले २३, आणि माणसं पाच. म्हणजे साधारण ६.५, ५.५, ४, ४ आणि ३. एकालाच ठेवलं आणि त्याचे ९.५ धरले, तर उरलेल्या सहा जणांसाठी ३२.५ उरतात: ७.५, ७, ६, ५, ४, ३. कागदावर हा दुसरा संघ भरीव दिसतो, आणि बरेच जण याच मोहात पडतात.

पण हीटचा तक्ता बघा. संघातल्या सात जणांना १ ते ७ क्रमांक असतात. १, ३ आणि ५ या क्रमांकांवर हीट लीडर, म्हणजे संघातले सगळ्यात तगडे तिघं, असतात, आणि तेराव्या हीटमध्ये १ आणि ५ क्रमांकाची जोडी उतरते. पंधराव्यात व्यवस्थापक आपल्या मर्जीचे दोघं उतरवतो. म्हणजे सामना जेव्हा अटीतटीचा होतो, तेव्हा शेवटच्या तीन हीटमध्ये दोनदा कर्ट्झ आणि ब्यूली एकाच वेळी सुरुवातीच्या टेपमागे उभे राहू शकतात. चौदा हीटनंतर ४०-४४ असे मागे असलात, तरी शेवटच्या हीटमध्ये ५-१ केलंत की ४५-४५. ९.५ आणि ७.५ च्या जोडीकडून दर सोमवारी ही अपेक्षा ठेवता येत नाही. आणि कर्ट्झ सध्या कुठल्या दर्जाचा रायडर आहे? २०२५ मध्ये त्याने ओळीने पाच ग्रां प्री जिंकल्या आणि जगज्जेतेपद बार्तोश झ्मार्झलिककडे फक्त एका गुणाने गेलं. असा माणूस आपण होऊन सोडायचा नसतो.

मग तिसरा माणूस. खरी गोम इथेच आहे. समजा ६.५० चे दोन रायडर तुमच्यासमोर आहेत. पहिला दुखापतीतून उठून आलेला: पहिल्या ४० राइडमध्ये बोनस धरून ५०, म्हणजे ५.००, पुढच्या ४० मध्ये ८०, म्हणजे ८.००. बेरीज ८० राइडमध्ये १३०, ॲव्हरेज ६.५०. दुसऱ्याने वर्षभर तगड्या जोडीदाराच्या मागे राहून ८० राइडमध्ये १०० गुण आणि ३० बोनस घेतले. त्याचंही ६.५०. पण बोनस धावफलकावर चढत नाही! दुसऱ्याचा खरा हिशेब राइडमागे सव्वा गुणाचा. जोडीदार बदलला की त्याचं ॲव्हरेज घसरणार हे उघड आहे. पहिला तुम्हाला साडेसहाच्या भावात आठचं काम देईल. म्हणून नुसतं वर्षाचं ॲव्हरेज बघून नावं सुचवू नका. जुलैनंतरचे आकडे वेगळे काढा, बोनस वेगळा करा, मग बोला.

या जागेसाठी हा ट्रॅक ओळखणारा माणूस हवा. नॅशनल स्पीडवे स्टेडियमचा ट्रॅक ३४७ मीटरचा, वळणं रुंद. सामना पुढे सरकतो तशी मोकळी माती बाहेरच्या कुंपणाकडे ढकलली जाते. आतली कड गुळगुळीत होते, तिथे मागचं चाक नुसतं फिरतं, आणि पकड मिळते ती बाहेर. ज्याला थ्रॉटल न सोडता बाहेरून जाता येतं, तो इथे दुसऱ्या वळणावर मागून येऊन पुढे जातो. जो फक्त गेटवर, म्हणजे सुटतानाच, जिंकतो आणि मग आतली कड धरून बसतो, तो दहाव्या हीटनंतर सापडतो. मेकॅनिकनेही जागं राहायला हवं. ट्रॅक निसरडा झाला की मागच्या स्प्रॉकेटचे (साखळीच्या दातेरी चक्राचे) एक-दोन दात कमी करायचे, म्हणजे चाकाचं नुसतं फिरणं आवरतं. हे उशिरा सुचलं की दोन हीट हातच्या जातात. जेमन लिडसी आणि नोरिक ब्लोडोर्न हे दोघंही या संघाकडून धावलेले, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. ॲव्हरेजच्या गणितात बसत असेल तर माझी पहिली पसंती या दोघांपैकी एकाला.

रिझर्व्हच्या दोन जागा, ६ आणि ७, अनेकांना शेवटी उरलेलं भरायची जागा वाटते. मोजून बघा. १५ हीटमध्ये संघाला ३० राइड. वरच्या पाचांच्या चार-चार म्हणजे २०, शेवटच्या हीटच्या २, उरल्या ८. या आठ तर रिझर्व्हच्याच, शिवाय कुणाचा दिवस खराब असेल तर त्याच्या जागी रिझर्व्ह जाऊ शकतो. एका रिझर्व्हला एका सामन्यात सात राइडपर्यंत मिळतात, म्हणजे कर्ट्झपेक्षाही जास्त. दोन महागडे रायडर ठेवणाऱ्या संघाने तर इथेच सगळ्यात जास्त डोकं लावावं. ४ ॲव्हरेजचा, वय विशीच्या आतबाहेर, दर महिन्याला सुधारणारा पोरगा पाहिजे. पस्तिशीतला, ४ वरच स्थिरावलेला माणूस इथे नको.

एक भीती मात्र खरी आहे. कर्ट्झ आणि ब्यूली दोघंही २०२५ मध्ये पोलंडमध्ये एकाच संघाकडून, व्रोत्स्वाफकडून धावले. रविवारी पोलंड, सोमवारी मँचेस्टर, मंगळवारी स्वीडन, असा यांचा आठवडा. तिकडचा रविवारचा सामना पावसाने पुढे ढकलला किंवा सकाळचं विमान चुकलं, तर एसेसचे दोन्ही खांब एकाच दिवशी गायब! दुसऱ्या संघातून पाहुणा रायडर आणता येतो, पण त्याचं ॲव्हरेज गैरहजर माणसापेक्षा जास्त चालत नाही, आणि साडेनऊच्या तोडीचे मोकळे रायडर सोमवारी दुपारी मिळणार कुठून? दुसरा मार्ग म्हणजे त्याच्या राइड संघातल्याच इतरांना वाटून देणं. त्यातही पुन्हा खालचे पाच किती दमाचे आहेत यावरच सगळं येतं.

म्हणून माझी मांडणी अशी: १ वर कर्ट्झ, ५ वर ब्यूली, ३ वर तो साडेसहाच्या भावातला आठचा माणूस. २ वर पहिल्याच हीटमध्ये कर्ट्झबरोबर उतरणारा, गेटवरून झटकन सुटणारा रायडर, ४ वर परक्या छोट्या ट्रॅकवर न अडखळणारा कुणीतरी, आणि ६-७ वर दोन भुकेली पोरं. तुमचे सात कोण, ॲव्हरेजच्या बेरजेसकट खाली लिहा.