रडतोंडीपर्यंत हसतमुख कसे पोहोचावे

सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन गड एका दिवसात पळत ओलांडायचे असे एखाद्याने मनावर घेतले, की दिवस चांगला कसा जाईल याविषयी सांगणारे हितचिंतक त्याला पावलोपावली भेटतात. वाईट दिवसाची तयारी मात्र कोणी करून घेत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हा लेख. पन्नासेक किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत दिवस वाईट जाणे हा निव्वळ अपघात असतो, असे मानणारी भाबडी माणसे अजून आहेत. वाईट दिवस टप्प्याटप्प्याने कमवावा लागतो, आणि मी तो एका डिसेंबरात इतक्या काटेकोरपणे कमावला, की या विषयावर चार शब्द अधिकारवाणीने सांगायला आता कोणाची हरकत नसावी.

आरंभ गणिताने करावा. आपण रस्त्यावरची मॅरेथॉन सव्वाचार तासांत पूर्ण केलेली असते, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे, म्हणजे ५० किलोमीटरला पाच तास. डोंगर आहे म्हणून मोठ्या मनाने वर एक तास द्यावा. सकाळी सहाला सुटलो, की दुपारी बाराला तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात पिठले-भाकरी आणि रात्री पुण्यात नाटक. नाटकाची तिकिटे आधीच काढून ठेवावीत, त्याने हिशेबाला पक्केपणा येतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच सांगून ठेवले होते, की डोंगरात चालणाऱ्याने दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास जोडावा. त्या हिशेबाने ५० किलोमीटर आणि समजा २,४०० मीटर चढ यांना १४ तास लागतात. पण नेस्मिथ चालणाऱ्यांविषयी बोलत होते आणि आपण पळणारे आहोत. शिवाय ते आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हते.

शर्यत अंधारात सुटते. हवेत गारवा असतो, डोक्यावर टॉर्च असतो आणि पायांत आदल्या दोन आठवड्यांची विश्रांती साठलेली असते. ही सगळी श्रीमंती सिंहगडाच्या पहिल्याच चढावर उधळून टाकावी. त्या चढावर काही मंडळी गुडघ्यांवर हात ठेवून, एकमेकांशी भाजीपाल्याच्या भावाविषयी बोलत, चक्क चालत असतात. वय पन्नाशीच्या पुढे, टोप्या विटलेल्या, बूट मागच्या कुठल्या तरी मोसमातले. त्यांच्या बाजूने पळत पुढे जाताना आपल्या मनात जी करुणा दाटून येते, ती दाटू द्यावी. हीच मंडळी दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा भेटतात, मात्र त्या वेळी त्यांच्या पाठीच दिसतात आणि भाजीपाल्याचा विषय अजून संपलेला नसतो.

सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून बाहेर पडले, की विंझर गावाच्या दिशेने उतरत जाणारी लांबलचक धार लागते. इथे सूर्य वर येतो, वाळलेले गवत सोनेरी दिसू लागते आणि उतार आयता मिळतो. आयते मिळालेले सोडू नये, हा आपल्यावरचा संस्कार आहे. तेव्हा घसाऱ्यावरून पाय सोडून द्यावेत. उतारावर मांडीचे स्नायू शरीराचे वजन तोलत असतानाच ताणले जात असतात आणि त्यांचे बारीक धागे तुटत जातात. त्या वेळी याचा पत्ता लागत नाही. बिल पुढच्या चढाच्या पायथ्याशी येते, आणि मला आले तेव्हा दोन्ही मांड्यांवर स्वतंत्र आले. पण घड्याळ त्या उतारावर किलोमीटरला पाच मिनिटे दाखवत होते, आणि ते पाहण्यासाठी मी तीनदा ठेचकाळलो.

आता खाण्याविषयी. खाऊच नये. भूक लागलेली नसताना खाणे आपल्या घरात अशिष्ट मानले जाते. शरीरात साखरेचा साठा साधारण २,००० कॅलरींचा असतो आणि डोंगरात पळणारा माणूस तो तीनचार तासांत तळाला नेऊ शकतो. तासाला ६० ग्रॅम कर्बोदके पोटात ढकलत राहिले तर साठा जरा लांबतो, असे जाणकार सांगतात. आपण मात्र जेलची, म्हणजे पळताना गिळायच्या गोड चिकट खाऊची, पाकिटे पिशवीच्या सर्वांत आतल्या कप्प्यात, मोबाइलच्या चार्जरखाली ठेवावीत. साठा संपला की आधी डोक्यात अंधार पडतो, मग राग येतो. मला एका दगडाचा राग आला. तो दगड वाटेच्या मधोमध होता, हे मी त्याला सांगितलेही. त्यानंतर चार तासांची उधारी फेडण्यासाठी चार जेल एकामागून एक गिळावेत. पळताना पोटाकडचे रक्त पायांकडे गेलेले असते, तेव्हा जठरात पडलेली ती गोड लुकण तशीच पडून राहते आणि मग ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने निसर्गाला परत मिळते.

पाण्याच्या बाबतीत याच्या उलट वागावे. घोट घोट पिणे भित्र्या माणसाचे काम. मीठ न घेता लिटरच्या लिटर पाणी ढोसत राहिले, की रक्तातले सोडियम पातळ होते, बोटे सुजून अंगठी रुतू लागते आणि डोके जड होते. मग डोके जड झाले ते पाणी कमी पडल्यामुळेच, असे निदान करून आणखी एक लिटर प्यावे. हे फार पुढे गेले तर माणूस दवाखान्यात पोहोचतो, त्यामुळे या प्रकरणात मी स्वतः अर्ध्यावर थांबलो, हे प्रांजळपणे नमूद करतो. पाय दुखू लागल्यावर वेदनाशामक गोळीही अवश्य आठवते. पाणी आटलेल्या शरीरात मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त आधीच कमी झालेले असते आणि त्यातल्या काही गोळ्या ते आणखी कमी करतात, म्हणून लांब शर्यतींचे डॉक्टर त्यांना दूर ठेवायला सांगतात. पण त्या डॉक्टरांना आपली जिद्द कुठे ठाऊक असते?

एवढ्या मोठ्या शास्त्रात मला सर्वाधिक शिकवले ते एका खड्याने. विंझर सोडल्यानंतर कुठे तरी तो डाव्या बुटात शिरला. आकार ज्वारीच्या दाण्याएवढा, मुक्काम चवड्याखाली, जरा आतल्या अंगाला. थांबून, नाडी सोडून, बूट झटकून पुन्हा घालायला मिनिटभर लागले असते, आणि मिनिट घालवायला मी काही मूर्ख नव्हतो. मी पाऊल बाहेरच्या कडेवर टाकू लागलो, त्यामुळे घोटा कुरकुरू लागला. घोट्याला सांभाळण्यासाठी कंबर एका बाजूला कलती केली, तेव्हा पाठीवरची पिशवी उजव्या खांद्याला घासू लागली. आठेक किलोमीटरांनंतर माझ्याकडे पाहणाऱ्याला मी अपघातातून उठून आलो आहे असे वाटले असते. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला एका ओट्यावर बसून बूट काढला, तर खडा कधीच पडून गेला होता. त्याच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा फोड होता आणि मोज्यात कुसळे भरली होती. ती कुसळे एकेक करून वेचायला मला वीस मिनिटे लागली. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ तत्काळ दिसणाऱ्या माणसाला स्वतःच्या मोज्यातले इतक्या उशिरा दिसावे, याचे ओट्याच्या मालकीणबाईंना नवल वाटलेले दिसले नाही. त्या म्हणाल्या, “दादा, बटाटा खा. मीठ लावून खा.” उकडलेल्या बटाट्याला मीठ लावून तो दोन घासांत संपवल्यावर मला पूर्ण दिवसातला पहिला सुज्ञ विचार सुचला, तो म्हणजे आणखी एक बटाटा.

गुंजवण्याचा हा थांबा वाईट दिवसाच्या दृष्टीने निर्णायक असतो, कारण तिथे टेम्पो उभा असतो. तानाजी मालुसरे पडल्यावर मावळे मागे वळू लागले, तेव्हा सूर्याजींनी परतीचे दोर कापून टाकले, ही १६७० ची कथा आपण शाळेत असल्यापासून सांगत आलो आहोत आणि कार्यालयातल्या प्रत्येक विक्री-बैठकीत ती सांगितली जाते. डोंगरी शर्यतीत दोर कापत नाहीत. उलट मागे बाकडी असलेले वाहन उभे करतात, त्यात चादर पांघरलेले दोन स्पर्धक आधीच बसलेले असतात आणि ते आपल्याकडे पाहून किंचित सरकून जागा करतात. त्या सरकण्यात जी माया असते तिला तोड नाही. मी टेम्पोत चढलो नाही, याचे कारण शौर्य नव्हते: फोड आलेल्या पायाने टेम्पोची पायरी मला राजगडापेक्षा उंच वाटली.

सबबींची जमवाजमव मात्र इथूनच सुरू करावी, कारण पुढे श्वास पुरत नाही. बूट नवे होते, ही सबब जुनी झाली. ऑफिसात काम फार होते, हे ऑफिसातल्यांना पटत नाही. पोट बिघडले होते, ही सर्वोत्तम, कारण तिची शहानिशा करण्याची कोणाचीच इच्छा नसते. हल्ली ‘मला जमले नाही’ असे कोणी म्हणत नाही. ‘मी माझ्या शरीराचे ऐकले’ असे म्हणतात. वास्तविक शरीर सिंहगडापासून ओरडत होते. आपण ऐकले ते त्याचा आवाज बसल्यावर. सबब ठरली, की लगेच पुढच्या मोठ्या स्पर्धेचा उल्लेख करावा. युरोपात मों ब्लांच्या भोवती सुमारे १७० किलोमीटर पळण्याची एक शर्यत आहे आणि तिची वेळमर्यादा साडेसेहेचाळीस तासांची आहे, हे आपण गुंजवण्यातल्या ओट्यावर, एका पायात बूट नसताना, बटाटा खात सांगितले तर ऐकणाऱ्यावर चांगलाच परिणाम होतो.

राजगडाच्या चोरदरवाजाची वाट चढताना शेवटच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहेत. ती सामान्य पर्यटकांसाठी आहेत असे आपण आजवर मानत आलो, तो गैरसमज इथे दूर होतो. मी त्या लोखंडाला ज्या आवेगाने मिठी मारली, तशी घरच्यांना क्वचितच मारली असेल. वर पद्मावती माचीवर सहलीला आलेली एक शाळा होती. त्यातल्या एका मुलीने माझ्या छातीवरचा नंबर मोठ्याने वाचला आणि विचारले, “सर, तुम्ही कितवे?” हा प्रश्न वाईट दिवसात कोणीही कोणालाही विचारू नये, अशी तरतूद व्हायला हवी.

संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीच्या कडेने अडीच किलोमीटर चालून अळू दरवाजातून खाली उतरलो, की तोरण्याकडे जाणारी धार समोर पसरलेली असते आणि तिच्या टोकाला तो गड अजिबात जवळ येत नाही. शिवरायांनी त्याचे नाव प्रचंडगड ठेवले, ते विशेषण भर दुपारी या धारेवरून पाहिले की अंगावर येते. इथे वाटेत करवंदीच्या जाळ्या आहेत आणि त्यांतून सुटणाऱ्या ढोरवाटा आहेत, ज्या मूळ वाटेपेक्षा नेहमीच जास्त मळलेल्या असतात. मी त्यांतली एक निवडली, तिच्यावरून शेणाचा माग काढत बराच खाली गेलो आणि एका म्हशीला भेटून परत आलो. परत आलो तेव्हा माझ्या मागे एक मुलगा उभा होता.

हा स्वीपर. शर्यतीतल्या शेवटच्या माणसाच्या मागून चालणे आणि झुडपांना बांधलेल्या खुणेच्या फिती सोडत येणे एवढेच त्याचे काम. वेल्ह्याकडच्याच गावातला, कॉलेजात जाणारा, पायात साधे कॅनव्हासचे बूट. आपण ज्या वाटेने आलो ती आपल्या पाठीमागे पुसली जात आहे, हे कळल्यावर वेग वाढवावा असे प्रत्येकाला वाटते आणि वीस पावले तो वाढतोही. त्यानंतर आपण दगडावर बसतो आणि तोही अदबीने चार हातांवर बसतो. “काका, दम खावा जरा,” तो म्हणाला. महिनोन्‌महिने सराव केला, पोटऱ्यांवर घट्ट बाह्या चढवल्या, काळा चष्मा लावला, तरी ‘काका’! मी त्याला विचारले, की कटऑफला, म्हणजे वेळमर्यादा संपायला, अजून किती वेळ आहे. त्याने घड्याळाकडे न पाहता तोरण्याकडे पाहिले आणि सांगितले, “सडक ओलांडली की चढ आहे. मग शिडी. मग रडतोंडीचा बुरूज.” हे नाव स्पर्धकांनी ठेवलेले नाही, ते आधीपासूनच आहे, हे नवख्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

डांबरी सडकेवर आणखी एक गाडी उभी होती आणि तिच्यातही लोक सरकून बसले होते. स्वीपरने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काहीच बोलला नाही. अशा वेळी न बोलणाऱ्या माणसाचा आपण मनातल्या मनात सूड घ्यायचा असतो, म्हणून मी सडक ओलांडली. नाटकाची तिकिटे त्या सुमारास कोणाला तरी देऊन टाकण्याचा फोन करावा, पण धारेवर रेंज मिळत नाही. चढाला लागल्यावर दहा मिनिटांत स्वीपर मागे थांबला. करवंदीच्या जाळीत एक केशरी फीत उंच अडकली होती आणि त्याचा हात चार बोटे कमी पडत होता. त्याने दोनदा उडी मारून पाहिली, काटे लागले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “काका, तुमचा हात पुरंल का?”

पुरला. त्यानंतरच्या फितीही मीच सोडत गेलो, तो त्या गोळा करून पिशवीत भरत होता.