ग्वानोविषयी थोडी भर

पेरूतील पाराकासहून बायेस्तास बेटांकडे जाणाऱ्या बोटफेरीचे वर्णन लेखात छान उतरले आहे. मात्र तिथल्या दुर्गंधीची तक्रार करून लेखक लगेच पुढे सरकतात, म्हणून थोडी भर घालतो. खडकांवरचा तो पांढरट थर म्हणजे ग्वानो, समुद्रपक्ष्यांची साचलेली विष्ठा, जी खत म्हणून वापरतात. हम्बोल्ट या सागरी प्रवाहाच्या थंड पाण्यात अँकोव्ही मासे विपुल असतात, त्यांच्यावर पाणकावळे, बूबी आणि पेलिकन हे पक्षी पोसले जातात, आणि पाऊस जवळजवळ पडतच नसल्यामुळे त्यांच्या विष्ठेतला नायट्रोजन वाहून न जाता तिथेच साचत राहतो. शेजारच्या ज्या चिंचा बेटांवरून हे खत एकोणिसाव्या शतकात युरोपात जात असे, ती स्पेनने १८६४ मध्ये चक्क ताब्यात घेतली होती.

आमच्या नावाड्याने इंजिन बंद केले, तेव्हा सी लायनच्या नरांचे खर्जातले ओरडणे गुहेतून घुमत येत होते आणि एक पिल्लू, लाटेने दोनदा खाली ओढले जाऊनही, तिसऱ्या खेपेस धडपडत दगडावर चढले. पर्यटकांना बेटांवर उतरू देत नाहीत, हे योग्यच आहे. टोपी मात्र प्रत्येकाने न्यावी, आणि तीही केवळ उन्हासाठी नव्हे.