दाढ काढल्यावर लगेच मिठाच्या चुळा? त्या मेसेजमधलं काय काय चुकतं

गावच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: दाढ काढून आलात की लगेच मिठाच्या गरम पाण्यानं चुळा भरा, घाण रक्त थुंकून टाका, खड्ड्यात हळद नि लवंगतेल भरा, गाल शेका, तंबाखू-सुपारीचा खर्रा दुसऱ्या बाजूनं चालतो, वरची दाढ काढली तर नजर जाते.

मीठपाणी चांगलंच, पण वेळ चुकली. दाढ निघाली की खड्ड्यात रक्त गोठतं. उघड्या हाडावरचं झाकण तेच. पहिल्या 24 तासांत खळखळून चूळ भरली तर ते निसटतं. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत ठणका, तोंडाला घाण वास. हा ड्राय सॉकेट. नुसत्या गोळीनं तो भागत नाही. डॉक्टरांना खड्डा धुऊन औषध भरावं लागतं. 24 तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घ्या, जेवल्यावर अलगद फिरवा आणि तोंडातून नुसतं गळू द्या.

‘घाण रक्त’ म्हणून काही नसतं. एसटीच्या खिडकीतून थुंकत आलात तर ओढ बसून खड्ड्यातली रक्ताची गाठ सुटते. डॉक्टरांनी खड्ड्यावर ठेवलेला बोळा अर्धा ते पाऊण तास दातांनी घट्ट दाबा, लाळ गिळा. दिवसभर लाळ गुलाबी दिसेल, ते चालतं. रक्त पुन्हा वाहिलं तर ओलसर गॉजचा नवा बोळा 30 मिनिटं दाबा, मधे काढून बघू नका. निघतानाच दोन-चार बोळे मागून घ्या. रात्री तालुक्याला जायला गाडी कुठून आणणार?

हळदीची पूड खड्ड्यात अडकते, लवंगतेलानं हिरडी भाजते. पहिल्या दिवशी शेकही नको. फडक्यात बर्फ घेऊन गालावर 15 मिनिटं ठेवा, 15 मिनिटं काढा.

खर्ऱ्याला बाजू नसते. सुपारीचा चुरा नि चुना लाळेबरोबर तोंडभर फिरतो, निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, वर पिचकारीची ओढ. किमान तीन दिवस बंद, आठवडाभर ठेवला तर उत्तम. बिडीचंही तेच.

नजरेची नस वेगळी, दाढेची वेगळी. विषय संपला.

जेवणाबद्दल मात्र मेसेज गप्प. बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका, गालच चावला जातो. नंतर गार पेज, ताक-भात, मऊ खिचडी. भाकर, ठेचा, चिवडा दोन-तीन दिवस नको.

रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर दाढ काढण्याआधीच सांगा, मनानं बंद करू नका. दोनदा बोळा दाबूनही रक्त थांबेना, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढली किंवा ताप आला तर दवाखाना गाठा. गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन लावा.